एका हंगामाचा सहसंबंध आणि आपला सल्ला

कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधात एक कोष्टक हमखास आढळते. डाव्या बाजूस किडींची नावे. वरच्या ओळीत कमाल तापमान, किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, पाऊस, सूर्यप्रकाशाचे तास. आणि आतील चौकटींत दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे. काही आकड्यांच्या माथ्यावर एक तारा असतो, काहींच्या माथ्यावर दोन. कोष्टकाखालील वाक्यही ठरलेले असते: ‘प्रादुर्भावाचा किमान तापमानाशी लक्षणीय ऋण सहसंबंध आढळून आला.’ माझ्या स्वतःच्या प्रबंधात हे कोष्टक आहे. दोन तारे मिळाले त्या संध्याकाळी झालेला आनंद अजून स्मरणात आहे. आज पंधराएक वर्षांनंतर त्या कोष्टकाविषयी जे वाटते ते आनंदाचे नाही, आणि ते सहकाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडावे यासाठी हा लेख.

निमित्त घडले ते स्थलांतराचे. यजमानांची नोकरी चाकणहून चेन्नईच्या पश्चिमेकडील इरुंगाट्टुकोट्टै येथील औद्योगिक वसाहतीत हलली आणि काही काळापुरते आमचे बिऱ्हाड इकडे आले. श्रीपेरुंबुदूर तालुक्यातील हे गाव मोटारींच्या कारखान्यामुळे आणि मोटार शर्यतींच्या धावपट्टीमुळे ओळखले जाते. गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे बंगळूर, कोल्हापूर, सातारा, पुणे असा आपल्याकडे येतो. रस्ता तोच असला तरी शेतीचे वेळापत्रक निराळे आहे. चेंबरंबाक्कमच्या मोठ्या तलावाच्या आणि लहानमोठ्या ‘एरीं’च्या आधाराने या भागात भाताचे तीन हंगाम चालत आले आहेत. उन्हाळ्यात सुरू होणारा सोर्णवारी, जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालणारा सांबा, आणि डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन एप्रिलच्या सुमारास संपणारा नवरै. वर्षाच्या पावसाचा मोठा भाग इथे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. आपल्याकडे पाऊस ओसरतो तेव्हा इथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो.

कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अजून काही खाचरे शिल्लक आहेत. त्यांतील एका शेतकऱ्याशी माझा परिचय झाला. त्यांना मी अण्णा म्हणते, ते मला अम्मा म्हणतात. उरलेले संभाषण त्यांची महाविद्यालयात शिकणारी कन्या इंग्रजीतून पार पाडते. तपकिरी तुडतुडे केव्हा वाढतात, असे मी विचारले. सवयीने प्रश्नाचे दोन पर्यायही पुढे केले: उष्मा वाढला की, की गारवा आला की? त्यांनी दिलेले उत्तर मुलीने दोनदा विचारून घेतले, मग सांगितले. नवरैमध्ये उष्मा वाढत जातो तेव्हा तुडतुडे वाढतात. सांबामध्ये पाऊस लागून हवा गार होत जाते तेव्हा वाढतात. पीक दाट होऊन पोटरीत आले की ते येतातच.

हे उत्तर मी वहीत लिहून घेतले, आणि रात्री कागद घेऊन बसले. सहविचरण म्हणजे काय, याचा जो पाठ मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला तोच स्वतःसाठी पुन्हा मांडला. खालील आकडे कोणत्याही शेतातील नाहीत; केवळ हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत.

लावणीनंतरचे पाच आठवडे घ्या. प्रति चूड तुडतुड्यांची संख्या क्रमाने १, ३, ४, ७, १० अशी वाढली. सरासरी ५. सरासरीपासूनची अंतरे –४, –२, –१, २, ५. हे आठवडे सांबा हंगामातील आहेत, म्हणून तापमान उतरते आहे: ३१, ३०, २९, २८, २७ अंश. सरासरी २९, अंतरे २, १, ०, –१, –२. आता प्रत्येक आठवड्याची दोन्ही अंतरे परस्परांशी गुणावयाची: –८, –२, ०, –२, –१०. बेरीज –२२. निरीक्षणे पाच, म्हणून चाराने भागावयाचे, येतात –५.५. हे झाले सहविचरण, म्हणजे आपण नेहमी ज्याला कोव्हेरियन्स म्हणतो ते. एक राशी आपल्या सरासरीच्या वर असताना दुसरी बहुधा खाली असेल तर गुणाकार ऋण येतात आणि उत्तर ऋण येते. दोन्ही एकाच बाजूस झुकत असतील तर ते धन येते. यापलीकडे या संकल्पनेत कोणतेही गूढ नाही.

याच आकड्यांचा सहसंबंध गुणांक काढला तर तो –०.९८ येतो. पाच निरीक्षणे असूनही दोन तारे! निष्कर्ष तयार होतो: तापमान घटले की तुडतुडे वाढतात.

आता तेच तुडतुडे नवरैमध्ये नेऊन ठेवा. संख्या तीच: १, ३, ४, ७, १०. फक्त तापमान चढते आहे: २७, २८, २९, ३०, ३१. सहविचरण +५.५, गुणांक +०.९८, पुन्हा दोन तारे. निष्कर्ष: तापमान वाढले की तुडतुडे वाढतात. कीटक तेच आणि गावही तेच, हंगाम तेवढा बदलला आणि नियम उलटा झाला. हे आकडे मांडताना मी तापमानाला तुडतुड्यांवर कसलाही परिणाम करू दिलेला नव्हता. दोघेही आपापल्या कारणाने पुढे सरकत होते. तुडतुडे पिकाच्या वयाबरोबर, तापमान पंचांगाबरोबर.

मराठीत ‘विचरण’ या शब्दाचा मूळ अर्थच फिरणे, संचार करणे असा आहे. सहविचरण म्हणजे सोबत फिरणे. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी हे जाणून केले की नाही हे मला ठाऊक नाही, पण शब्द नेमका आहे. ज्येष्ठात आळंदीहून एक पालखी निघते, देहूहून दुसरी. दोन्ही दिवसेंदिवस पंढरपूरच्या जवळ जातात. त्यांच्या अंतरांचा रोजचा तक्ता मांडला तर गुणांक एकाच्या अगदी जवळ येईल. म्हणून कोणी असे म्हणत नाही की देहूची पालखी आळंदीच्या पालखीला ओढून नेते. एकादशीची तिथी दोघींना बोलावते. आपल्या कोष्टकात ती तिथी म्हणजे पिकाचे वय, आणि नेमका तोच रकाना आपण लिहीत नाही.

हा दोष नवा नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी १९२६ साली एक निबंध प्रसिद्ध केला; विषय होता, काळाच्या ओघात नोंदलेल्या दोन मालिकांत निरर्थक सहसंबंध का आढळतात. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधील एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा गुणांक ०.९५ भरतो. दोन्ही गोष्टी त्या काळात घटत होत्या, एवढेच. यूल यांनी हे सांगून सुमारे शंभर वर्षे झाली.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे घ्यावे. २०१७ चा विदर्भातील हंगाम कोणी विसरलेले नाही. ही उशिराच्या हंगामातील कीड. पाते-फुले लागली की तिचा वावर सुरू होतो, डोमकळ्या दिसू लागतात, पिढ्यांमागून पिढ्या होत जातात आणि ऑक्टोबरनंतर हिरव्या बोंडांत तिची संख्या चढत जाते. नेमक्या याच महिन्यांत किमान तापमान घसरत असते. साहजिकच एका हंगामाच्या नोंदींतून किमान तापमानाशी ऋण सहसंबंध निघतो. तो काढणारी मी पहिली नव्हते आणि शेवटचीही नाही. यातील विसंगती अशी की थंडी आणि लहान होत जाणारा दिवस यांचा या अळीवर होणारा ज्ञात परिणाम नेमका उलट दिशेचा आहे: त्यांच्यामुळे अळी सुप्तावस्थेत जाते. संख्या वाढते ती बोंडे उपलब्ध असतात म्हणून, आणि मागील पिढ्यांची बेरीज होत असते म्हणून. फरदड ठेवली तर थंडी असो वा नसो, अळीला खाद्य मिळत राहते.

आता हे दोन तारे सल्ल्यात उतरले की काय होते ते पाहू. ‘किमान तापमानात घट झाल्यास प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता’ असे वाक्य मी स्वतः एका सल्लापत्रिकेसाठी लिहून दिले होते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला गारठा पडला. एका गावातील काही शेतकऱ्यांनी सापळ्यातील पतंग न मोजता, बोंडे न फोडता, केवळ पारा उतरला म्हणून फवारणी उरकली. पुढच्या भेटीत त्यांपैकी एका वयस्क गृहस्थांनी मला विचारले, ‘‘मॅडम, थंडीनं अळी येते म्हणता, तर मग पौषात ती गायब का होते?’’ मी सुप्तावस्था समजावून सांगितली. ते म्हणाले, ‘‘म्हणजे थंडीनं झोपते. मग येते कशानं?’’ त्यांच्या या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. फवारणीचा खर्च मात्र त्यांचा झाला होता, आणि चुकीचे वाक्य माझे होते.

येथे कोणी म्हणेल की हे सारे ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ या पाठ केलेल्या वाक्यात येऊन जाते. ते वाक्य आपण सर्वजण विद्यार्थ्यांना सांगतो आणि पुढच्याच तासाला तारे मोजावयास बसवतो. माझा आक्षेप अधिक साधा आहे. कार्यकारणभाव दूरच राहिला. एका हंगामाच्या साप्ताहिक नोंदींत आपण जितकी निरीक्षणे आहेत असे समजतो तितकी ती नसतातच.

हा मुद्दा समजून घेण्यासाठी सहविचरणाचेच आणखी एक रूप पाहावे लागते. या आठवड्याची कीडसंख्या आणि पुढच्या आठवड्याची कीडसंख्या या स्वतंत्र घटना नाहीत. आज पानावर असलेली पिलेच पुढच्या आठवड्यात प्रौढ होऊन अंडी घालतात. तापमानाचेही तसेच, उष्ण आठवड्यामागून बहुधा उष्ण आठवडाच येतो. म्हणजे मालिकेचे स्वतःशीच, एका आठवड्याच्या अंतराने, धन सहविचरण असते. कोष्टकातील तारे देणारे गणित गृहीत धरते की ते शून्य आहे. बार्टलेट यांनी १९३५ साली दिलेले एक साधारण सूत्र आहे. दोन्ही मालिकांचा शेजारच्या आठवड्याशी असलेला सहसंबंध काढावा, त्यांचा गुणाकार करावा. एकातून तो गुणाकार वजा करून, एकात तो मिळवून आलेल्या संख्येने भागावे, आणि आलेल्या अपूर्णांकाने निरीक्षणांची संख्या कमी करावी. समजा आपल्याकडे २० आठवडे आहेत आणि दोन्ही मालिकांचा हा अंतर्गत सहसंबंध ०.८ आहे. गुणाकार ०.६४, ०.३६ भागिले १.६४, वीस आठवड्यांचे उरतात जेमतेम साडेचार. वीस निरीक्षणांना पाच टक्के पातळीवर ०.४४४ हा गुणांक पुरेसा असतो. चार निरीक्षणांना ०.९५० लागतो. आपल्या प्रबंधांतील ०.५२ आणि ०.६१ या कसोटीवर कुठे उभे राहतात, ते प्रत्येकाने आपापल्या कपाटातील प्रबंध उघडून पाहावे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आणि डॉ. वि. गो. पानसे यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रकाशित केले. आपल्या पिढीपर्यंतचे बहुतेक कृषी पदवीधर त्याच पुस्तकावर वाढले. सुखात्मे पुढे रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात परतले. उत्तरायुष्यात, अमेरिकन वैद्यक संशोधक शेल्डन मार्जेन यांच्यासमवेत, त्यांनी आहाराविषयी जो मुद्दा मांडला तो मुळात हाच होता: एकाच माणसाचे लागोपाठच्या दिवसांचे वा आठवड्यांचे उष्मांक एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणून सरासरी कितीही दिवसांची घेतली तरी तिच्यातील चढउतार दिवसांच्या संख्येच्या प्रमाणात विरत नाही. त्यावरून कुपोषणाच्या मोजणीविषयी त्यांनी काढलेला निष्कर्ष कमालीचा वादग्रस्त ठरला, आणि माझ्या मते टीकाकारांचे बरेच म्हणणे रास्त होते. परंतु ज्या गणितावर तो उभा होता, ते लागोपाठच्या निरीक्षणांतील सहविचरण विसरू नये असेच सांगते. ज्यांच्या पुस्तकावर आपण शिकलो त्यांनी जी गोष्ट माणसाच्या ताटाबाबत लक्षात ठेवली, ती आपण किडीच्या तक्त्याबाबत विसरलो.

उपाय त्याच पुस्तकात आहे, आणि तो अवघड नाही. सहविचरणाचे पृथक्करण, म्हणजे फिशर यांनी रूढ केलेली पद्धत, आपण प्रक्षेत्र प्रयोगांत वापरतो. वाफ्यातील रोपसंख्या कमीजास्त असेल तर उत्पादनाची तुलना तिच्या हिशेबाने सुधारून घेतो. तीच युक्ती येथे लागू होते. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की एकूण सहविचरणाचे दोन भाग पडतात. एक भाग पिकाच्या वयाबरोबर दोन्ही राशींच्या सरासऱ्या बदलतात त्याचा. दुसरा भाग एकाच वयाच्या पिकात, वर्षावर्षांमधील फरकांचा. हवामानाविषयी काही कळावयाचे असेल तर ते दुसऱ्या भागातून कळण्याची आशा असते.

मघाचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा पुढच्या वर्षी सांबामधील प्रत्येक आठवडा एका अंशाने अधिक उष्ण गेला: ३२, ३१, ३०, २९, २८. तुडतुडे मात्र तंतोतंत तितकेच राहिले. दोन्ही वर्षांची दहा निरीक्षणे एकत्र करून गुणांक काढला तर तो –०.९३ येतो, दहा निरीक्षणे, दोन तारे, आणि वर ‘दोन वर्षांच्या नोंदींनी पुष्टी’ असे लिहिण्याची सोय. आता त्याच नोंदी वयानुसार पाहा. पहिल्या आठवड्यात एका वर्षी ३१, दुसऱ्या वर्षी ३२ अंश. तुडतुडे दोन्ही वर्षी १. पाचव्या आठवड्यात २७ आणि २८; तुडतुडे दोन्ही वर्षी १०. तापमान बदलले, कीटक हलले नाहीत. एकाच वयातील सहविचरण नेमके शून्य. एका अंशाच्या फरकाने तुडतुड्यांवर काहीही परिणाम झाला नाही, असे आकडे उघड सांगत असताना कोष्टकात दोन तारे झळकतात.

सहविचरण शून्य येणे म्हणजे संबंध नसणे, असेही मात्र समजू नये. कीटकशास्त्रज्ञाला हे सांगावे लागू नये, पण सांगते. फार थंडीत कीटकाची वाढ मंद, मध्यम तापमानात वेगवान, फार उष्णतेत पुन्हा मंद. २०, २५, ३०, ३५, ४० अंशांना २, ६, ९, ६, २ अशी मोजणी आली तर सहविचरण बरोबर शून्य येते. संबंध मात्र अत्यंत घट्ट असतो. म्हणून आकडेमोडीपूर्वी बिंदू आलेखावर मांडून डोळ्यांनी पाहणे ही शिस्त आहे. संगणकावर एका कळीसरशी तीस गुणांक निघतात तेव्हापासून ती सुटली. माझ्या गुरूंनी आम्हाला आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने बिंदू काढावयास लावले होते. आम्ही त्यांना जुन्या वळणाचे म्हणत असू.

त्याबरोबरच एककांचीही आठवण ठेवावी. सहविचरणाला एकक असते, वरील –५.५ ही संख्या ‘प्रति चूड तुडतुडे गुणिले अंश सेल्सियस’ अशी आहे. तुडतुडे दहा चुडांवर मोजले तर ती –५५ होईल. निसर्गात काहीच बदललेले नसेल. गुणांक एककांपासून मुक्त असतो, म्हणून तुलनेला सोयीचा. पण त्या सोयीपायी ‘एक अंश बदलला तर किती तुडतुडे’ हा शेतकऱ्याच्या उपयोगाचा प्रश्न आपल्या दृष्टीआड जातो.

तारे किती स्वस्त असतात हेही एकदा मोजून पाहावे. सहा हवामान घटक, चार किडी, चालू आणि मागील आठवडा असे दोन पर्याय, म्हणजे ४८ गुणांक. कोणाचाही कोणाशी काडीचा संबंध नसला तरी पाच टक्के पातळीवर दोन-तीन तारे केवळ योगायोगाने पडतील. प्रबंधाच्या निष्कर्षात नेमके तेवढेच उचलले जातात.

मोजणीच्या बाजूचे एक विषयांतर करते. इरुंगाट्टुकोट्टै येथे आमच्या गच्चीवर मी एक साधा प्रकाश सापळा लावला आहे. समोर कारखान्याचे आवार रात्रभर उजळलेले असते. सापळ्यात येणारे पतंग त्या उजेडाशी वाटून घ्यावे लागतात. पौर्णिमेच्या आसपास तर सापळे ओस पडतात, हे कोणीही सांगेल. म्हणजे सापळ्यातील संख्या ही शेतातील संख्या नव्हे. चंद्र, ढग आणि शेजारचे दिवे यांचेही सहविचरण त्या आकड्यात मिसळलेले असते. ढगाळ रात्रीचा पाऊस आणि वाढलेले पतंग यांच्या संबंधावर लिहिताना हे ध्यानात ठेवलेले मी क्वचितच वाचले आहे.

आता आपल्या संस्थेतील आणि विद्यापीठांतील सहकारी म्हणतील, ‘‘विद्यार्थ्याच्या हाती दोन हंगाम असतात, फार तर तीन. त्याने दहा वर्षांच्या नोंदी आणाव्यात कोठून?’’ प्रश्न रास्त आहे. विद्यार्थ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. कोष्टक नसेल तर प्रबंध अपुरा ठरवणारे आपणच आहोत. हस्तलिखितांच्या परीक्षणात मी स्वतः ‘हवामान घटकांशी सहसंबंध द्यावा’ असा शेरा लिहिलेला आहे. तो शेरा आता मी लिहीत नाही.

नोंदी मात्र आहेत, आणि भरपूर आहेत. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, उभा राहिला. गावोगाव जाऊन पिकांचे निरीक्षण नोंदवण्याची अशी व्यवस्था देशात थोड्या ठिकाणी असेल. शिवाय प्रत्येक संशोधन केंद्रावर सापळ्यांच्या वह्या आहेत, काही तर कित्येक दशकांच्या. अडचण आहे ती त्या वह्यांतील रकान्यांची. अनेक जुन्या वह्यांत आठवडा लिहिलेला असतो, पतंगांची संख्या असते, हवामानही असते. आसपासच्या शिवारात लावणी वा पेरणी केव्हा झाली हे लिहिलेले नसते. पिकाच्या वयाशिवाय ती संख्या वाचताच येत नाही. एका वर्षी पाऊस तीन आठवडे लांबला, पेरणी लांबली, कीड तीन आठवडे उशिरा आली. वहीत मात्र दिसते ते ‘सप्टेंबरातील उष्ण आठवड्यांशी सहसंबंध’.

तेव्हा माझी सूचना अशी. एका हंगामाच्या किंवा दोन हंगामांच्या साप्ताहिक नोंदींवरून काढलेला हवामान-सहसंबंध प्रबंधात वर्णन म्हणून राहू द्यावा, तारे काढून टाकावेत, आणि त्यावरून सल्ला लिहू नये. प्रबंधासोबत मूळ साप्ताहिक नोंदी, पेरणी वा लावणीच्या तारखेसह, संस्थेत जमा करणे बंधनकारक करावे. पाच-सात विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र आल्या की एकाच वयातील सहविचरण काढता येईल आणि तेव्हाच हवामानाविषयी काही ठामपणे बोलता येईल. तोवर सल्लापत्रिकेत पारा नव्हे, तर मोजणी यावी: कामगंध सापळ्यात इतके पतंग, इतक्या बोंडांपैकी इतकी किडलेली, इतक्या चुडांवर इतके तुडतुडे, आणि आर्थिक नुकसान पातळी इतकी. हे काम कष्टाचे आहे. कृषी सहायकाला ते तापमानाच्या आकड्याइतके सोपे पडत नाही, याची मला जाणीव आहे.

हवामानाचे महत्त्व मी नाकारीत नाही. कीटक हा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या वाढीचा वेग तापमान ठरवते आणि प्रयोगशाळेत ठराविक तापमानाच्या कपाटांत ते उत्तम मोजता येते. पिढी पूर्ण होण्यास लागणारे उष्णतेचे अंश-दिवस हा त्यातूनच आलेला हिशेब आहे आणि तो सल्ल्यासाठी वापरता येतो. तो हिशेब कार्यपद्धतीतून सुरू होतो आणि मग शेतात पडताळला जातो. आपले कोष्टक उलट्या बाजूने, पडताळ्यापासून सुरू होते आणि तिथेच थांबते.

शिकवण्याबाबत एक लहानशी विनंती. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला गुणांकाचे सूत्र देण्यापूर्वी पाच आठवड्यांचे सहविचरण हाताने काढावयास द्यावे. एकदा सांबाचे, एकदा नवरैचे. दोन उलट उत्तरे वहीत शेजारी शेजारी आली की तो स्वतःच प्रश्न विचारतो. मी गेल्या महिन्यात अण्णांच्या मुलीला तेच दिले. ती वाणिज्य शाखेची आहे, किडींशी तिचा संबंध वडिलांच्या शेतापुरता. चिन्ह बदललेले पाहून तिने पहिली शंका माझ्या बेरजेवर घेतली, दुसरी तापमानावर, आणि मग विचारले की लावणीची तारीख यात कुठे आहे.

त्यांच्या खाचरात नवरैची रोपवाटिका टाकून झाली आहे. तीन आठवड्यांनी लावणी होईल. नव्या वहीत मी पहिला रकाना लावणीनंतरच्या दिवसांचा आखला आहे, दुसरा तुडतुड्यांचा. तापमान शेवटच्या रकान्यात आहे. सांबाची वही अण्णांनी ठेवलेली नव्हती, त्यामुळे तुलना करावयास पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागेल. आणि तीही एकाच वर्षाची असेल.